गाडीतला तेवढा बदल

नगराध्यक्ष डुबलसाहेबांची नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी भर चौकात बंद पडली. शकीला तांबोळीनं आपल्या गॅरेजमधून येऊन मीटर लावला.

"मोठ्या बॅटरीतली वीज गाडी चालू करणाऱ्या लहान बॅटरीला पोचत नाहीये, साहेब. मधला कन्व्हर्टर बिघडलाय."

"थापा मारतेस?" साहेब चारचौघांत कडाडले. "मोठी बॅटरी काठोकाठ भरलीय! गॅरेजला टाळं ठोकीन!"

शकीला डगमगली नाही. "धरणही काठोकाठ भरलंय, साहेब. तरी आमच्या नळाला आठ दिवस थेंब नाही. पोचवणारा मधला बिघडला, की बदलावाच लागतो. गाडीत त्याला कन्व्हर्टर म्हणतात. गावात काय म्हणतात, ते तुम्हीच सांगा."

चौक खो खो हसला. साहेबांनी घाम पुसला आणि ते हळूच म्हणाले, "बाई, सध्या गाडीतला तेवढा बदल."