लांडग्याचे दुधाचे दात

माणसाला अजून अक्षर ठाऊक नव्हतं, तेव्हा एका वडाच्या ढोलीत प्राण्यांचं वाचनालय होतं. कासवीण आजी ते सांभाळायची.

एके दिवशी रानाचा नवा कारभारी लांडगा तणतणत आला. बाहेर कोल्ह्यांचा घोळका ओरडत होता.

"आजी, ते फजितीचं पुस्तक जाळायला दे. लांडग्यांची टिंगल आहे म्हणे त्यात! नाहीतर ढोलीला कायमचा दगड लावतो."

"वाचलंस का?"

"असलं मी कशाला वाचू?"

आजी सावकाश आत जाऊन पुस्तक घेऊन आली.

"हा कोपरा बघ. पिल्लं पुस्तक तोंडात धरूनच घरी नेतात, पण इतकं कुणी चावलेलं नाही. गोष्टीतला लांडगा मधाच्या पोळ्यात तोंड घालतो ना, तिथं तुला हसू आवरायचं नाही, मग तू कोपरा चावायचास. हे तुझेच दुधाचे दात, बाळा."

लांडग्याने कोपरा हुंगला. मग तो तिथंच फतकल मारून बसला.

"कारभारी, आणताय ना पुस्तक?" कोल्हे ओरडले.

"गप्प बसा रे!" आतून आवाज आला. "आत्ता कुठं तो पोळ्यात तोंड घालतोय!"