मुंग्यांचा खडक

दोष बाळोजी तांडेलाचा होता. हे आधीच सांगतो, कारण गावातल्या म्हाताऱ्यांना विचाराल तर ते अर्धा तास वाऱ्याला नि नशिबाला दोष देतील आणि बाळोजीचं नाव चहाबरोबर गिळून टाकतील.

तुम्ही उभे आहात तो मुंग्यांचा खडक. माडवेळ बंदरातली होडी लांबच्या फेरीला निघाली, की तिची पाण्याची भांडी रिकामी करून आधी इथं मांडतात. पूर्वी मातीचे रांजण असत, आता निळे प्लास्टिकचे कॅन. दुपार कलेपर्यंत ती इथं उन्हात राहतात, मगच विहिरीवर जातात.

असं सांगतात, की बाळोजीचं गलबत नारळ आणि सुंभ घेऊन मस्कतला निघालं होतं. तो त्याचा तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य, आणि लखमू हा त्यावरचा भंडारी, म्हणजे रांधणारा नि पाणी वाटणारा. बारा रांजण त्यानं स्वतः भरले, तोंडं फडक्यानं बांधून मातीनं लिंपली आणि घरी जेवायला गेला. तेवढ्यात बाळोजीनं सहा रांजण ओतून दिले, त्यांत काकवी भरली आणि तोंडं पुन्हा तशीच लिंपली. मस्कतला काकवीला गिऱ्हाईक चांगलं होतं म्हणे.

पंधराव्या दिवशी वारा पडला. शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबत राहिलं. समुद्र इतका निपचित, की खाली ढग, वर ढग, आणि मधे कुठंतरी गलबत. मासे त्याच्या सावलीत येऊन थांबत आणि माणसांकडे बघत. भर दुपारी कुणाला आपल्या परसातल्या विहिरीचा रहाट ऐकू येई. तो उठून घागर शोधायला लागे, बाकीचे त्याला हसत नसत, कारण त्यांनाही तोच रहाट ऐकू येत असे.

सहा रांजण संपत आले. लखमू सातव्याकडे गेला, तर बाळोजी आडवा आला.

"हात लावू नको. यांत खारं पाणी शिरलंय. तुझीच बांधणी, लखमू. कसली बांधलीस रे तोंडं?"

तांडेलाचा शब्द तपासायचा नसतो, असं या किनाऱ्यावर पोरांना चालायच्या आधी शिकवतात. लखमूनंही तपासला नाही. त्याला ते खरंच वाटलं. सहाव्या रांजणाच्या तळाशी जे उरलं होतं त्यातला आपला वाटा त्यानं सोडला. "चूक माझी, तर तहानही माझी," म्हणाला. त्यानंतर चौथ्या दिवशी वारा आला. लखमू तिसऱ्याच दिवशी गेला होता.

गलबत परतलं तेव्हा काकवी मस्कतला गुपचूप विकली गेली होती आणि रांजण समुद्राच्या पाण्यानं धुतलेले होते. गावकारांनी, म्हणजे गावच्या पंचांनी, सुपारी चघळत तांडेलाचं म्हणणं ऐकलं, माना डोलावल्या आणि ठरवलं, की दोष भंडाऱ्याचा. नारळी पुनवेला समुद्रात गेलेल्यांची नावं पुकारतात, त्यांत लखमूचं नाव येणार नाही. एकानंही एका रांजणात नाक घालून बघितलं नाही.

लखमूची बायको आवडू भांडली नाही. तिनं एवढंच मागितलं, "देह तर समुद्रात राहिला. त्याच्या हातचे बारा रांजण तरी एक दिवस खडकावर ठेवू द्या. मी त्यांच्याजवळ बसेन." मागणं स्वस्त होतं. गावकारांनी दिलं.

ती सकाळपासून बसली. ऊन चढलं तशी खडकालगतच्या काजूच्या मुळांतून मुंग्यांची एक काळी रेघ निघाली. कुणी काजळाचं बोट ओढत यावं तशी ती सावकाश खडकावर चढली, पहिल्या रांजणाला वळसा घालून पुढं गेली, आणि दुसऱ्यात उतरली. मग दुसरी रेघ. मग तिसरी. सगळा गाव जमला. रांजणांची माती काकवी प्यायली होती, आणि समुद्र तिला धुऊ शकला नव्हता. सहा रांजण मुंग्यांनी काळे झाले, सहा कोरडे लाल राहिले.

"अगो, मुंगी काय, कुठंही जाते," बाळोजी म्हणाला.

"मग या सहांतच का जाते, तांडेलमामा?" आवडू म्हणाली. "खारं पाणी गोड लागतं काय तिला?"

आजही माडवेळात भांडी आधी खडकावर येतात. मुंगी आली तर त्या भांड्यात पाणी भरायचं नाही, म्हणून ही चाल. पण माझे सख्खे आजोबा खिशात साखरेची पुडी आणतात आणि कॅनपाशी चिमूटभर टाकतात. विचारलं तर म्हणतात, "मुंगी आली की बरकत आली. तू गप्प बस." मी ती पुडी दोनदा समुद्रात फेकली आहे. तिसऱ्यांदाही फेकेन.

नारळी पुनवेला मात्र पहिलं नाव अजून लखमूचंच पुकारतात. आवडूनं त्या दिवशी ते इथंच उभं राहून पुकारलं होतं, गावकारांची वाट न बघता.

बाळोजीला गावकारांनी काहीच शिक्षा केली नाही. तो पुढं एकोणीस वर्षं जगला. त्याच्या गलबतावर एकही खलाशी चढला नाही, आणि ते या वाळूतच कुजलं.