वाटाड्या हरकसिंग आणि बचुलीची शिळा

एका राज्यात, जिथं सपाट मुलूख संपतो आणि बर्फाचे डोंगर सुरू होतात, तिथं एक नगर होतं. खाली सालाचं रान, वर देवदाराचं, मधून थंडगार नदी. घाटाघाटावर देवळं, आणि सगळ्यांच्या वर, कड्यावर, देवीचं देऊळ. दूरदूरचे यात्रेकरू येत. त्यांना वर नेणारा वाटाड्या हरकसिंग. पाय बकरीचे, तोंड फाटकं.

तिथली रीत अशी, की वर जाणाऱ्यानं नदीतला एक दगड उचलायचा आणि देवळामागं नेऊन रचायचा. दगड निवडून द्यायची हरकसिंगाची बायको बचुली. म्हातारीला लिंबाएवढा देई, जाडजूड व्यापाऱ्याला भोपळ्याएवढा.

"एवढा मोठा का गं?" व्यापारी कुरकुरे.

"पोट पाहून दिलाय, शेठ."

रीत कशासाठी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर डोंगरानं सांगितलं असतं. विचारतो कोण!

राजा भूपध्वजाला यात्रा वाढवायची होती. त्यानं हरकसिंगाला बोलावलं.

"लोक अर्ध्या वाटेतून का परततात?"

"दगडापायी, महाराज. तो बंद करा. लोक भराभर चढतील, माझ्याही दिवसाला दोन खेपा होतील."

राजानं दवंडी पिटवली, आज्ञा खांबावर कोरली, खाली स्वतःचं नाव घातलं. धर्मशाळा भरल्या, पेढ्यांची दुकानं लागली. बचुली तेवढी रोज एक दगड घेऊन एकटी चढे. हरकसिंग तिला हसे.

तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी ती धावत आली. "अहो, डोंगर सुटलाय! देवळामागं चला, पाठ लावून धरू."

"माझी माणसं खोळंबलीत. तू हो पुढं," हरकसिंग म्हणाला. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

ती गेली. डोंगराला पाठ लावून उभी राहिली. डोंगर थांबला आणि बचुली शिळा झाली. त्याच क्षणी आकाशातून देवीचा आवाज आला, "तुमच्या हातांनी डोंगर धरला होता. हात तुम्ही काढलेत. आता इथं घंटा वाजणार नाही, वाट दिसणार नाही."

नगरातल्या साऱ्या घंटा मुक्या झाल्या. धुकं बसलं ते उठेना. यात्रा मोडली.

हरकसिंग शिळेपाशी बसून रडला. तेव्हा नऊ रंगांचा मोनाल पक्षी कड्यावर उतरला आणि बोलला, "रडून दगड पाझरत नाही. तीन कामं कर. दगड बंद करायची अक्कल कुणाची, ते भर दरबारात सांग. रिकाम्या हातांनी जितके वर नेलेस, तितके दगड एकट्यानं वर ने. आणि त्या सकाळी तू तिला जे म्हणायला हवं होतंस, ते म्हण."

हरकसिंग दरबारात गेला. सगळं सांगितलं.

"पण खांबावर आमचं नाव आहे," राजा म्हणाला.

"नाव तुमचं, अक्कल माझी. दोन्ही वाया गेली, महाराज."

 राजा सिंहासनावरून उठला. मग म्हणाला, "खांब फोडा."

दुसऱ्या कामाला अकरा वर्षं लागली. धुक्यात हातांनी वाट चाचपत तो चढे. गुडघे गेले, दात गेले, केस कापसासारखे झाले.

"हरकदा, आम्ही लावतो की हात," दुकानदार म्हणत.

"माझे आहेत. मीच नेणार. व्हा बाजूला!"

शेवटचा दगड रचून तो शिळेपुढं उभा राहिला.

"बचुले, माझं चुकलं."

शिळा गप्प.

"बचुले, घरी चल गं."

शिळा गप्प.

मग तो काही मागायचा थांबला. वळला, तिच्या शेजारी डोंगराला पाठ लावली आणि म्हणाला, "एकटी जाऊ नकोस. मी येतो."

शिळेनं श्वास घेतला. "मग नीट टेका! डावीकडून माती सुटतेय," बचुली म्हणाली.

माती सुटत नव्हती. अकरा वर्षांचे दगड घट्ट बसले होते. खाली साऱ्या घंटा एकदम वाजल्या, धुकं फाटलं, नदी चकाकली. घाटावरून माणसं हातात दगड घेऊन वर निघाली, पुढं राजा.

बचुलीनं मान वळवली. तिचे केस काळेभोर होते, गाल तसेच.

"तुम्ही कोण, बाबा?" तिनं विचारलं. "आत्ता इथं माझ्या मालकांचा आवाज आला."

 तिनं हरकसिंगाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, हनुवटीवरून बोट फिरवलं, आणि तिचा हात तिथंच राहिला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मी चुलीवर भात ठेवून आले होते."

"खाल्ला मी तो," हरकसिंग म्हणाला. "थंड झाल्यावर."

ती पुढं उतरू लागली, मग थांबली, परत वर आली आणि त्याला हात दिला. पायरी पायरी करत वाटाड्याला त्याच्या बायकोनं खाली आणलं.

त्या राज्याचा शाप असा फिटला. डोंगर जागेवर राहिला, देवळं गजबजली. तिला मात्र तरणा नवरा कुणी परत दिला नाही.