करंजपेठेची अर्धी भिंत

करंजपेठेत बाजाराचा उतार जिथे संपतो, तिथे कुंभारआळीच्या तोंडाशी कमरेइतक्या उंचीची एक विटांची भिंत आहे. रस्त्याच्या डाव्या कडेपासून ती निघते आणि बरोबर मध्यावर येऊन थांबते. पडलेली नाही, थांबवलेली आहे. रिक्षा, दुधाच्या गाड्या, लग्नाच्या वराती, सगळे तिला वळसा घालून जातात. रस्ता तीनदा रुंद झाला, पण भिंतीला कुणी हात लावला नाही.

भाद्रपद वद्य पंचमीला या भिंतीपुढच्या खड्ड्यात शहरभरच्या गटारांतला गाळ आणून ओततात. त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांना पहिलं दर्शन देतो तो वास. हात आपोआप खिशाकडे जातो. तेवढ्यात भिंतीवर बसलेले गेनूआबा कुंभार ओरडतात, "रुमाल खाली घ्या, पाव्हणं! ओकलात तरी चालंल, पण आज हितं नाक धरायचं न्हाई."

आबा ऐंशीच्या पुढचे आहेत. पाहुण्यांचे रुमाल खिशात गेल्याशिवाय ते पुढे बोलत नाहीत.

असं सांगतात, की फार पूर्वी घोरी नदीला मोठा पूर आला. तीन दिवस शहर पाण्यात होतं. माणसं गेली, गुरं गेली. चौथ्या दिवशी पाणी ओसरलं आणि घराघरात मांडीएवढा गाळ उरला. धान्य कुजलेलं, गुरं फुगलेली. लोकांनी नाकाला फडकी बांधली आणि गाळ दाराबाहेर लोटला. वरच्या घरचा गाळ खालच्या दारात आला, खालच्याने तो आणखी खाली लोटला. गाळ कुठे गेला असं विचारलं, की जो तो म्हणायचा, "पुढं गेला."

पुढे कुंभारआळी होती. तिच्यापुढे नदीच्या घाटाचा उंच दगडी कठडा. त्यामुळे शहराचा सगळा गाळ आळीत येऊन थांबला.

महिन्याभरात वरच्या आळ्या धुऊन निघाल्या. तोरणं लागली, देवळात समाराधना झाली, शहर पुरातून उठलं म्हणून पेढे वाटले गेले. त्या पंगतीत कुंभारआळीचं एकही पान नव्हतं. कारण, म्हणे, त्यांच्या अंगाला वास येत होता. किळस यावी ती या पंगतीची. आपलीच घाण दुसऱ्याच्या दारात टाकायची आणि मग त्याच्या वासानं नाक मुरडत तुपाची वाटी पुढे करायची!

लोकांना सवय लागली. पुराचा गाळ गेला तिथेच मेलेली कुत्री गेली, कातडी कमावल्याचं पाणी गेलं, लग्नाची उष्टी गेली. अशी सात वर्षं गेली. आळीतल्या सोळा घरांपैकी चार उरली. त्यातल्या एका घरात बयजा कुंभारीण होती. विधवा बाई, जिभेची तिखट. चाक आणि मडकी भाजायचा आवा एवढीच तिची मिळकत. आता तिच्या मडक्यातलं पाणी प्यायला कुणी तयार नव्हतं.

सातव्या वर्षी वारा फिरला आणि वास थेट विसाजी महाजनांच्या माडीवर चढला. महाजनांनी पंच बसवले. ठरलं असं, की कुंभारआळीच्या तोंडाशी दोन पुरुष उंच भिंत घालायची, म्हणजे वास वर येणार नाही. आळीतली माणसं बाजारात कशी येणार, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असेल तर ते बोलले नाहीत, आणि हे त्याहून वाईट.

विटा कुणी पाडायच्या? शहरात विटा पाडणारे कुंभारच होते. निरोप बयजाकडे आला.

ती म्हणाली, "म्हंजी माझं थडगं मीच भाजायचं?"

निरोप्या नाकाला उपरणं लावून उभा होता. म्हणाला, "बोलणं महाजनांचं हाय, बयजाबाई. मी नुसता सांगाय आलोय."

"मग जाऊन सांग, पाडते. माती मात्र माझ्या दारातली घेणार."

कुंभाराची माती घाईची नसते. ती भिजवायची, लीद आणि राख घालून तुडवायची, बोटांनी चाचपून खडा न् खडा वेचायचा. एक खडा राहिला तरी आव्यात वीट फुटते. बयजा त्या गाळात पोटरीपर्यंत उतरली. चार घरांतली माणसं उतरली. सांगतात, की तुडवताना त्या गाळातून असे बुडबुडे यायचे, की माणसं बाजूला जाऊन ओकायची आणि परत येऊन तुडवायची. नाक धरणार कशानं? दोन्ही हात गाळात होते.

आणि वेचताना खड्यांबरोबर वस्तू निघू लागल्या. कुणाची जोडवी, कुणाची पळी, अडकित्ता, कुंकवाचा करंडा, देव्हाऱ्यातला बोटाएवढा बाळकृष्ण. बयजाने त्यातलं काही ठेवून घेतलं नाही. भाजलेल्या विटा गवंडी रचू लागला, तशी ती एकेक वस्तू चुन्यात बसवू लागली. शहराकडच्या अंगाला, सगळ्यांना दिसेल अशी.

गवंड्याने विचारलं, "ह्ये काय लावतीस गं?"

"त्यांचंच हाय. पुढं आलं हुतं."

भिंत कमरेला आली, रस्त्याच्या मध्यावर आली. बाजारात कुजबुज सुरू झाली. माणसं लांबून बघून जाऊ लागली. कुणी आपल्या आईची पळी ओळखली, कुणी भावाचा अडकित्ता. ओळखून, मान खाली घालून घरी गेली. बोललं कुणीच नाही. बोलायचं तर गाळ आपला होता हे कबूल करावं लागलं असतं.

मग एका सकाळी महाजनांची बायको लाडाबाई मेण्यातून आली. काम कुठवर आलं ते बघायला. नाकाशी कापूर बांधलेला रुमाल होता. भिंतीवरून नजर फिरता फिरता एका जागी थांबली. तिथे चांदीचा एक वाळा होता, वर्षाच्या लेकराच्या पायातला, घुंगरू तुटलेला.

त्या पुरात तिची लेक चिमी गेली होती. नदीने नेली असं सगळे म्हणाले. नदीकाठ कोसभर शोधला. घरातला गाळ मात्र पहिल्याच आठवड्यात गड्यांकडून बाहेर लोटला होता, आणि तेव्हा लाडाबाईच दारात उभी राहून सांगत होती, "लवकर काढा रे, वास सहन होत नाही."

सांगतात, की तिच्या हातातला रुमाल गळून पडला. ती मेण्यातून खाली आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून गाळात उतरली आणि हातांनी चाचपू लागली. तीनदा ओकली. नाक धरलं नाही. महाजन धावत आले, म्हणाले, "अहो, वर या, लोक बघतायत."

ती म्हणाली, "बघू द्या. सात वर्षं बघितलं नाही."

बयजा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि चाचपायचं कसं ते तिला दाखवलं. आडवा हात, बोटं मोकळी, सावकाश. दुपारपर्यंत ज्यांनी पळी ओळखली होती ते उतरले, अडकित्तेवाले उतरले. संध्याकाळी शेवटी महाजनही उतरले. गाळ उपसायला दोन वर्षं लागली. त्याच्या विटा झाल्या आणि त्या विटांचा बांध नदीकाठी उभा राहिला. चिमीचं आणखी काही सापडलं नाही. भिंत जिथे थांबली होती तिथेच राहिली. बयजा म्हणाली, "पुरी करू नका, पाडूबी नका. यातलं एकबी केलंत की इसराल."

गोष्ट इथे संपते, आबांचा राग संपत नाही. वरच्या कॉलनीतले काही जण हल्ली पंचमीला ड्रायव्हरच्या हाती गाळाचं घमेलं पाठवतात. मागच्या साली एकाने शुभेच्छांचा फ्लेक्स थेट भिंतीवर, वाळ्यावरच बांधला, स्वतःच्या हसऱ्या तोंडासकट. आबांनी तो फाडून खड्ड्यात टाकला आणि त्यावर तासभर चिखल तुडवला. "तोंड चांगलं मुरलं बघा त्याचं," ते सांगतात. पण सात वर्षांपूर्वी घोरी पुन्हा शहरात शिरली, तेव्हा पाणी उतरताच लोक फावडी घेऊन आधी कुंभारआळीत आले आणि सफाई खालून वर करत गेले. वरच्या घरांचा नंबर अकराव्या दिवशी लागला. त्याआधी आपलं अंगण धुवायला कुणी धजावलं नाही.

आजही करंजपेठेत रस्ता विचारला, तर कुणी "पुढं आहे" असं म्हणत नाही; "खाली आहे" म्हणतात. आजही पंचमीला प्रत्येक घर स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या दारच्या गटारातला गाळ उपसून आणतं, तुडवतं, त्याची एक वीट पाडतं. शेवटी आबा भिंतीवर उभे राहून विचारतात, "भिंत पुरी करायची का?"

यंदा पहिलं उत्तर शहरातून आलं नाही. पुण्याहून आलेल्या एक बाई कडेला वाकून ओकत होत्या. त्यांनी तोंड पुसलं, नाक मोकळंच ठेवलं, आणि म्हणाल्या, "नको."

आबांनी हात देऊन त्यांना खड्ड्यात उतरवलं.