विश्रामाक्षराचा जन्म

त्रेतायुगाच्या आरंभी, जेव्हा देवांचे भूलोकी येणेजाणे अजून थांबले नव्हते आणि वृक्षवेलींना वाचा होती, तेव्हा अमरावतीत जवन नावाचा गंधर्व देवेंद्राचा दूत होता. वाऱ्याला मागे टाकणारा, मेघांच्या माथ्यावरून पाऊल न भिजवता जाणारा तो तेजस्वी तरुण; आपल्या वेगाचा त्याला आधी अभिमान होता, पुढे त्या अभिमानाचा मद झाला.

एकदा देवेंद्राचा संदेश घेऊन तो शमीगर्भ ऋषींच्या आश्रमावरून चालला होता. होमधुराने धूसर झालेल्या त्या तपोवनात वृद्ध ऋषिपत्नी सुमेधा पाण्याचा घडा घेऊन चढण चढताना कोसळली.

“बाळा, क्षणभर थांब. मला हात दे,” ती म्हणाली.

“इंद्राचा दूत कोणासाठी थांबत नसतो, माते!” असे म्हणून जवन पुढे निघाला.

ते शब्द शमीगर्भांच्या कानी पडले. प्रलयाग्नीसारखे नेत्र उघडून ते गरजले, “मदांधा! थांबणे तुला हीन वाटते? तर यापुढे तुला थांबताच येणार नाही. जिथे अंग टेकशील तिथे तुझ्या देहातून अंगार फुटतील!”

जवनाची गती क्षणात पृथ्वीला जखडली गेली. तो पायी धावू लागला; थांबला की तळपाय पोळत. तेव्हा दया आली ती सुमेधेलाच. “नाथ, लेकरू आहे ते. याला उःशाप द्या.”

ऋषी निवळले. “ज्याला एक पाऊलही चालता येत नाही, असा कोणी आपण होऊन याचा भार घेईल, तेव्हा हा सुटेल.”

जवनाला ती थट्टाच वाटली. जो स्वतः जागचा हलत नाही, तो दुसऱ्याचा भार कसा घेणार? निराश होऊन तो हिमवंत ओलांडून पूर्वेकडे धावत राहिला, आणि महाचीन देशी पोहोचला.

तिथे अवर्षण पडले होते. एका उघड्या टेकडीवर एक रोपटे मान टाकून उभे होते. जवन त्याच्याजवळून पुढे गेला. मग का कोण जाणे, सुमेधेची हाक त्याच्या मनात उमटली. दूरच्या नदीत उत्तरीय बुडवून तो परत धावत आला आणि ते त्याने रोपट्याच्या मुळाशी पिळले. पुन्हा गेला, पुन्हा आला. धावणे तर चुकत नव्हतेच. निदान ते कोणाच्या तरी कामी येत होते. ऋतू उलटले, रोपट्याचा वृक्ष झाला, आणि एके दिवशी त्यातली वनदेवता बोलली.

“जवना, फार शिणलास. ये, मला टेक.”

“देवी, माझ्या पाठीत अग्नी आहे. तू जळून जाशील.”

“पाणी वाहताना तुझे तळपाय फाटले, ते मी पाहिले आहे. मला पाय नाहीत; तुझ्याकडे येता येत नाही. एवढे अंतर तूच ये.”

जवन पाठ फिरवून निघाला. एकमेव जिवलगाची राख करून मिळालेली मुक्ती त्याला नको होती. पण वृक्षाची एक फांदी खाली लवली आणि तिने त्याला खांद्याशी धरून बुंध्याशी ओढले. साल चरचरली, धूर निघाला, पाने होरपळून गळू लागली. “सोड मला!” तो आक्रोश करू लागला. वृक्षाने सोडले नाही. हळूहळू धूर विरला. मुळांचा गारवा त्याच्या पाठीत उतरला. युगाचा शीण डोळ्यांवाटे वाहून गेला आणि तो टेकूनच झोपी गेला.

त्या देशात सरस्वतीच्या आज्ञेने चित्राक्ष मुनी लोकांसाठी लिपी रचत होते. सूर्य, चंद्र, पर्वत यांची चिन्हे त्यांना साधली होती. विश्रांतीचे काही केल्या साधत नव्हते. निजलेला माणूस काढला की लोक त्याला मेलेला समजत. त्या माध्यान्ही टेकडी चढून आलेले मुनी समोरचे दृश्य पाहून थबकले. त्यांनी ओल्या मातीवर डावीकडे उभा माणूस रेखला आणि त्याला लगटून वृक्ष.

जवन जागा झाला. मुनी म्हणाले, “गंधर्वा, या माणसाच्या मस्तकी तुझा मुकुट काढू का?”

“नको, मुनिवर. कोणीही थकलेला माणूस असू द्या.”

तेव्हा हंसवाहिनी शारदा प्रकट झाली. होरपळलेल्या वृक्षाला तिने नवी पालवी दिली आणि अक्षराला वर दिला: “जोवर जगात श्रम आहेत, तोवर तू पुसले जाणार नाहीस. तुझा अर्थ विश्रांती, आणि मंगलही.”

जवनाची गती परत आली; तो अमरावतीस गेला तो वाटेत सुमेधेच्या पायांवर डोके ठेवूनच. अक्षर मात्र भूलोकीच राहिले. पुढे ते समुद्र ओलांडून सूर्योदयाच्या बेटांवर, जपानात गेले. तिथले लोक त्याला आपल्या वाणीत ‘यासुमु’ म्हणतात. आजही तिथे एखाद्या दुकानाच्या मिटल्या दारावर ते अक्षर दिसले, की आलेले गिऱ्हाईक न रागावता मागे वळते. आत कोणीतरी पाठ टेकली आहे, हे त्याला कळते.