वाढेपर्यंत

"पण मोजल्याशिवाय कळणार कसं, बाबा?"

डॉक्टर शाल्मली केंजळे यांचा आवाज जरा चढलाच होता.

हिरागीर बाबा मठाच्या अंगणात बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मठ गावाबाहेरच्या टेकाडावर. बाबा सत्तरीचे, उंची मात्र आठ-नऊ वर्षांच्या पोराएवढी. पंचक्रोशीत आता कुणाला त्याचं नवल राहिलं नव्हतं.

डॉक्टर शहरातून आल्या होत्या. बरोबर जयमाला होती आणि जयमालाची लेक, राजनंदिनी. वय अकरा. दिसायची जेमतेम सहा-सात वर्षांची.

मुलीला वाढीच्या सुया सुरू केल्या होत्या. रोज संध्याकाळी एक. सुईची वेळ झाली की ती माळ्यावर, न्हाणीत, शेजारच्या गोठ्यात, मिळेल तिथे लपायची. शेवटी जयमाला थकली. "बाबा म्हणतील तसं करू," म्हणाली.

बुवाच्या एका शब्दावर उपचार सोडलेली मुलं डॉक्टरांनी पाहिली होती. म्हणून त्या स्वतः आल्या होत्या. भांडायच्या तयारीने.

"सुया बंद करा म्हणालात, तर हिची वाढीची वर्षं निघून जातील. मग मलाही काही करता येणार नाही."

"बंद करा असं मी म्हणालो?"

तसं कुणीच म्हणालं नव्हतं.

"मोजायचं काय म्हणत होता?" बाबांनी विचारलं.

हा डॉक्टरांचा विषय होता. त्या सावरून बसल्या.

"उंची पट्टीवर मोजता येते. पण मूल कसं जगतंय, ते पट्टी सांगत नाही. शाळेत कसं वाटतं, मित्र आहेत का, रडू येतं का… म्हणून आम्ही प्रश्न विचारतो. उत्तरांना गुण देतो. त्यावरून जगण्याचा दर्जा कळतो. मराठीतली प्रश्नावली मी तयार केलीय."

"चांगलं केलंत. विचारायलाच हवं."

डॉक्टरांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

"हिला विचारलंत?"

"हिलाही विचारलं, हिच्या आईलाही."

"काय म्हणाल्या?"

"हिच्या मते सगळं छान. आईच्या मते सगळं वाईट."

"मग तुम्ही खरं कुणाचं धरलं?"

"आईचं. लहान मुलं लपवतात, बाबा."

बाबांचा हात शेंगेवर थांबला.

"लहान म्हणजे… वयानं की उंचीनं?"

डॉक्टर हसल्या. उत्तर द्यावं असा हा प्रश्न आहे, असं त्यांना वाटलं नाही.

जयमालाने चहा आणला. सगळे पिंपळाच्या पाराकडे गेले. बाबांनी शेंगांचं सूप आणून पारावर ठेवलं. पार चांगलाच उंच होता. जयमाला बसली. डॉक्टरांनी वळून राजनंदिनीला काखेत हात घालून अलगद उचललं, पारावर ठेवलं, फ्रॉक नीट केला आणि बोलता बोलता स्वतः शेजारी टेकल्या.

मुलगी नुसती ताठ झाली.

बाबा खालीच उभे होते.

त्यांनी दोन्ही हात वर केले. कडेवर घ्या म्हणून पोर करतं, तसे.

"मलाही."

डॉक्टरांना वाटलं, थट्टा आहे. पण बाबा हसत नव्हते.

"मलाही तिथे बसायचंय. चढताना गुडघा दुखतो. उचला."

"बाबा, असं काय करताय…" जयमाला गडबडून उठली.

"तू थांब. बाईंना म्हणतोय मी."

डॉक्टर पारावरून खाली उतरल्या. दोन पावलं पुढे झाल्या. त्यांचे हात अर्ध्यापर्यंत गेले आणि तिथेच राहिले.

"वजन फार नाही माझं," बाबा म्हणाले.

"वजनाचं नाही हो. तुम्हाला… कसं उचलणार? शोभेल का ते?"

बाबांचे हात तसेच वर.

"हिला विचारलं होतंत?"

जयमालाने लेकीकडे पाहिलं.

मग पारावरून आवाज आला.

"मला कुणीच विचारत नाही."

डॉक्टर वळल्या. गेल्या कितीतरी भेटींत या मुलीच्या तोंडून इतकं लांब वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

"कोण उचलतं तुला?"

"सगळे. एस.टी.त कंडक्टर उचलतो. शाळेत बाई उचलून बाकावर ठेवतात. पाहुणे आले की मांडीवर घेतात. सहावीत आहे मी." ती एकदा बोलू लागली ती थांबेना. "चौथीतली पोरं मला बाळ म्हणतात. गोपाळकाल्याला दरवर्षी मीच बाळकृष्ण. यंदा मला पेंद्या व्हायचंय. पेंद्याला बोलायला असतं, लोक हसतात. बाळकृष्णाला नुसतं खांद्यावरून फिरवतात… आणि संध्याकाळी आई पाय धरते, काका हात धरतो."

"सुई दुखते म्हणून लपतेस ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुई नाही दुखत."

जयमालाने पदर तोंडाला लावला.

डॉक्टर तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजात आता भांडण नव्हतं, पण त्या हरल्याही नव्हत्या. प्रश्न अजून शिल्लक होता आणि तो त्या विचारणारच होत्या.

"मग माझ्या प्रश्नांना सगळीकडे 'कधीच नाही' का म्हणालीस? तुला वाईट वाटतं का, एकटं वाटतं का… तू 'कधीच नाही'वर खूण केलीस."

"तुम्ही तसं नव्हतं विचारलं."

"मग कसं?"

"तुझ्या उंचीमुळे वाईट वाटतं का. तुझ्या उंचीमुळे एकटं वाटतं का. प्रत्येक ओळीत उंचीमुळे, उंचीमुळे." मुलीने पाय हलवले. "उंची काय करते? काहीच नाही करत. लोक करतात."

डॉक्टरांना याचं उत्तर ठाऊक होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"अगं, पण सुया घेतल्यास की तू वाढशील. वाढलीस की कोण उचलेल तुला?"

"आणि वाढेपर्यंत?"

…

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं.

बाबांनी हात केव्हाच खाली घेतले होते. ते गुडघा टेकून, पाराच्या दगडाला धरून, धापा टाकत वर चढत होते. या वेळी कुणी पुढे झालं नाही. वर पोचल्यावर त्यांनी राजनंदिनीशेजारी जागा केली, थंड झालेला चहा उचलला आणि तोंडाला लावला.

ऊन उतरू लागलं होतं. सुईची वेळ झाली. परतायला उशीर होईल म्हणून जयमालाने बर्फाच्या डब्यात औषध बरोबर आणलं होतं. तिने सवयीने लेकीचे पाय धरायला हात पुढे केला.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी डबा उघडून राजनंदिनीच्या पुढ्यात ठेवला.

"कुठे टोचायची आज? तू सांग."

मुलीने आधी डब्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"मी टोचू?"

"अगं बाई, तुला कसं जमेल?" जयमाला कळवळली.

"जमेल. मी शिकवते," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी शिकवलं. मांडीवर जागा कशी बघायची, सुई कशी धरायची, दाबून किती थांबायचं. पहिल्यांदा मुलीने हात मागे घेतला. डॉक्टरांचा हात नकळत पुढे गेला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मुलीने ओठ दाबले, श्वास घेतला…

"गेली," ती म्हणाली. आणि मग, स्वतःलाच खरं वाटत नसल्यासारखी, "आई, गेली!"

बाबांनी शेंगांचं सूप पुढे ओढलं.

त्यानंतर डॉक्टरांनी प्रश्नावली पुन्हा लिहिली. वरिष्ठांनी नाकं मुरडली. झालेल्या कामाला पुन्हा हात कशाला, म्हणाले. डॉक्टर ठाम राहिल्या. त्या मुलांबरोबर बसल्या, त्यांना विचारून एकेक ओळ बदलली. आईवडिलांचे प्रश्न वेगळे केले आणि मुलांची उत्तरं मुलांचीच धरली.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्या पुन्हा टेकाडावर आल्या. एकट्याच. चेहरा उतरलेला होता.

"राजनंदिनी कशी आहे?" बाबांनी विचारलं.

"सुई रोज स्वतः घेते. एकदाही चुकवली नाही. उंचीही वाढतेय, हळूहळू. गोपाळकाल्यात पेंद्या झाली होती. आई म्हणते, घरात फार भांडते हल्ली. पाहुण्यांना तोंडावर नाही म्हणते."

"मग?"

"परवा तिला पुन्हा सगळे प्रश्न विचारले, बाबा. नव्याने." डॉक्टर जरा अडखळल्या. "राग येतो का? नेहमी. शाळेत वाईट वाटतं का? पुष्कळदा. रडू येतं का? येतं. मागच्या खेपेला पैकीच्या पैकी गुण होते. या खेपेला निम्मेसुद्धा नाहीत."

बाबा ऐकत होते.

"आकडा खाली आला, बाबा. माझ्या हिशेबाने ती पूर्वी सुखी होती, आता नाही. हे मी लोकांपुढे कसं मांडू?"

बाबांनी डॉक्टरांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"पेढे नाही आणलेत?"