कोरा राहिलेला हातभर तळ

सन १९६४, नारळी पौर्णिमेला पंधरा दिवस उरले होते. हर्णैच्या विधवा हिराईने दागिने मोडून अंताशेटची जुनी होडी घ्यायचे ठरवले. लाकूड आतून कुजलेले नाही ना, हे बघायला तिने धाकू मेस्त्रीला आणले. होडीला ताजे डांबर फासले होते. धाकूने टोकदार सळी काढताच शेट गरजला, "माझ्या होडीची चाळण करतोस काय रे?"

"बरं शेट. हा खडू घ्या. टोचायला हरकत नाही तिथं खुणा करा. बाकी ठिकाणी मी हात लावणार नाही."

शेटने ऐटीत होडीभर खुणा केल्या. मागच्या बाजूचा हातभर तळ तेवढा कोरा ठेवला.

धाकूने सळी पिशवीत टाकली. "झाली तपासणी."

"न टोचताच?"

"होडीचं दुखणं मालकाला ठाऊक असतं. तुमचा खडू लागला नाही तिथं कुजलंय. नसेल तर तुम्हीच टोचून दाखवा."

जमलेले कोळी हसले. शेटने सळी मागितली नाही. स्वतःच्या खर्चाने तीन फळ्या बदलून दिल्या.

पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. हिराई मजुरी देऊ लागली, तेव्हा धाकू म्हणाला, "तुझ्या नवऱ्यानं मला बुडताना ओढून काढलं होतं. फिटलं."